अल्कोहोल इंधन पेट घेताना: हवेत मिसळलेल्या वायूंचे रसायन

२०१४ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात इथेनॉलवर धावणारी एक बस चाचणीसाठी रस्त्यावर उतरली. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीच्या या बसचे इंजिन डिझेल पद्धतीचे होते, म्हणजे त्यात ठिणगी टाकणारा प्लग नव्हता. हवा दाबून तापवायची, तीत इंधन फवारायचे आणि ते आपसूक पेटू द्यायचे, असा त्याचा क्रम होता. नेहमीच्या डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या साधारण सतराव्या-अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली की काम भागते. या इंजिनात ती अठ्ठाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जात असे, आणि तेवढ्यानेही पुरत नसल्यामुळे इथेनॉलमध्ये पेट घेण्यास मदत करणारे एक द्रव्य सुमारे पाच टक्के मिसळावे लागे.

प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा ज्याने काडी लावून पेटवला आहे, त्याला हे वाचून नवल वाटेल. इथेनॉलची वाफ १३ अंश सेल्सिअसच्या आसपासही ज्योत लागताच भडकते, डिझेलला मात्र त्यासाठी बरेच तापवावे लागते. मग इंजिनात हा उलटा न्याय का? याचे कारण असे की ज्योत लागून पेटणे आणि ज्योतीवाचून, केवळ उष्णतेने आपणहून पेटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत द्रवाची वाफ किती सहज होते हे महत्त्वाचे ठरते, तर दुसरीत त्या वाफेचे रेणू ऑक्सिजनच्या सहवासात किती चटकन मोडतात हे. इथेनॉल आणि त्याचा धाकटा भाऊ मिथेनॉल पहिल्या परीक्षेत चपळ आणि दुसरीत कमालीचे मंद आहेत. डिझेल इंधनाची आपणहून पेटण्याची तयारी सीटेन अंकाने मोजतात. भारतात सध्या विकल्या जाणाऱ्या डिझेलचा हा अंक किमान ५१ असावा लागतो. इथेनॉलचा तो दहाच्याही खाली आणि मिथेनॉलचा पाचच्या आसपास भरतो.

तापलेले मिश्रण तयार झाल्यापासून ते खऱ्या अर्थाने पेट घेईपर्यंत जो वेळ जातो, त्याला प्रज्वलन विलंब म्हणतात. तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा असतो, पण इंजिनाच्या दृष्टीने तो क्षुल्लक नसतो. मिनिटाला १५०० फेरे मारणाऱ्या इंजिनाचा दांडा एक अंश फिरायला सेकंदाचा फक्त नऊ हजारावा भाग घेतो. म्हणजे विलंब एक मिलिसेकंदाने वाढला, तर तेवढ्यात दांडा नऊ अंश पुढे गेलेला असतो आणि दट्ट्या खाली उतरू लागून हवा पुन्हा थंड व्हायला लागते. हा विलंब हवा तसा कमी-जास्त करण्यासाठी सिलिंडरमध्ये ओढल्या जाणाऱ्या हवेत अगदी थोडा दुसरा वायू मिसळणे हा एक मार्ग आहे. नागपूरच्या बसमध्ये मदतनीस इंधनात होता. इथे तो हवेतून येतो. असा वायू काय करतो हे कळण्यासाठी आधी अल्कोहोल एवढे अडून का बसते ते पाहावे लागेल.

एक कारण निव्वळ भौतिक आहे. अल्कोहोलची वाफ व्हायला पुष्कळ उष्णता लागते: एक किलो मिथेनॉलला सुमारे ११०० किलोज्यूल, तर एक किलो पेट्रोलला सुमारे ३५०. शिवाय एक किलो हवेत पूर्ण जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक मिथेनॉल घालावे लागते. हिशेब केला तर ही सगळी उष्णता हवेतूनच घेतली गेल्यास मिथेनॉल त्या हवेला जवळजवळ १७० अंशांनी थंड करील आणि पेट्रोल जेमतेम २५ अंशांनी. प्रत्यक्षात भिंतींकडूनही उष्णता मिळत असल्यामुळे आकडा एवढा मोठा राहत नाही, तरी कल अगदी स्पष्ट आहे.

दुसरे कारण रासायनिक आहे आणि तेच या लेखाचा खरा विषय आहे. इंधनाचा रेणू आणि ऑक्सिजनचा रेणू एकमेकांवर आदळले आणि जळून गेले, असे कधीच घडत नाही. मधले सारे काम मूलक करतात. मूलक म्हणजे रेणूचा असा तुटका तुकडा की ज्याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन जोडीदारावाचून उरलेला असतो, आणि म्हणून तो समोर येईल त्या रेणूतून काही तरी ओढून घेण्याच्या घाईत असतो. एका मूलकाने एक रेणू मोडला की त्यातून दुसरा मूलक निघतो आणि शृंखला चालू राहते. पण नुसती चालू राहणारी शृंखला स्फोट घडवू शकत नाही. त्यासाठी एका मूलकाचे दोन, दोनांचे चार असे चक्रवाढ व्हावे लागते. या शाखा फुटणाऱ्या शृंखलांचा उलगडा लेनिनग्राडमध्ये निकोलाय सेम्योनोव्ह आणि ऑक्सफर्डमध्ये सिरिल हिन्शेलवुड यांनी स्वतंत्रपणे केला आणि त्यासाठी दोघांना १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या खेळातला सर्वांत चलाख मूलक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू. तो जवळपास कोणत्याही इंधनातून हायड्रोजन ओढून काढतो आणि स्वतः पाणी होतो. त्याच्याच कुळातला, पण एक ऑक्सिजन जास्त असलेला हायड्रोपेरॉक्सिल मात्र स्वभावाने सुस्त आहे. अल्कोहोलची सारी अडचण या सुस्त मूलकापाशी येऊन ठेपते.

मिथेनॉलच्या रेणूत तीन हायड्रोजन कार्बनला आणि एक ऑक्सिजनला जोडलेला असतो. कार्बनकडचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल लागतात आणि ऑक्सिजनकडचा तोडायला सुमारे ४४०, म्हणून मूलक बहुधा कार्बनकडचा हायड्रोजन पळवतात. उरलेल्या तुकड्याला ऑक्सिजनचा रेणू भेटला की तो त्या तुकड्याला चिकटून बसत नाही. त्यातला आणखी एक हायड्रोजन घेऊन निघून जातो. मागे राहते फॉर्माल्डिहाइड, आणि जो निघून जातो तोच आपला सुस्त हायड्रोपेरॉक्सिल. इथेनॉलमध्येही मुख्य वाट हीच आहे, फक्त मागे ॲसिटाल्डिहाइड राहते. डिझेलच्या लांब साखळीत हे वेगळ्या प्रकारे घडते: तिथे ऑक्सिजन तुकड्याला चिकटतो, साखळी स्वतःभोवती वळून आपलाच हायड्रोजन त्याच्याकडे सरकवते, मग दुसरा ऑक्सिजन येऊन चिकटतो, आणि शेवटी हे अवघडलेले संयुग फुटून एका मूलकाच्या जागी एकाहून अधिक मूलक मोकळे होतात. हा सारा प्रकार तीनशे ते पाचशे अंशांच्या दरम्यानच सुरू होतो. अल्कोहोलला ही लवकरची वाट जवळजवळ बंद आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यावर इंजिनातले ठोके, म्हणजे ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपणहून पेटल्याने होणारी खडखड, कमी होतात, त्याचे श्रेय निम्मे या बंद वाटेला आणि निम्मे वर सांगितलेल्या थंडाव्याला द्यायला हरकत नाही.

सुस्त हायड्रोपेरॉक्सिल पुढे काय करतो? संधी मिळेल तेव्हा इंधनातून किंवा फॉर्माल्डिहाइडमधून एक हायड्रोजन घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. हे पेरॉक्साइड म्हणजे बँकेतल्या मुदत ठेवीसारखे समजावे. त्यात दोन हायड्रॉक्सिल मूलक सुरक्षित ठेवलेले असतात, पण मुदत पुरी होईपर्यंत ते हाती लागत नाहीत, आणि इथे मुदत तारखेने नव्हे तर तापमानाने ठरते. इंजिनातल्या दाबाला साधारण ६५० ते ७५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात पेरॉक्साइड झपाट्याने तुटू लागते, साठलेले हायड्रॉक्सिल एकदम बाहेर पडतात आणि मिश्रण पेटते. तोवर अल्कोहोल नुसते ठेवी करत बसते. त्याहूनही वर, हजार अंशांच्या आसपास आणि पुढे, मुदत ठेवीची गरजच उरत नाही. सुटा हायड्रोजन अणू ऑक्सिजनच्या रेणूला फोडून एकाचे दोन मूलक करू लागतो.

त्यामुळे कोणत्याही वायूची पारख करताना मी तरी पहिला प्रश्न एकच विचारतो: हा वायू त्या सुस्त मूलकाचे आणि त्याच्या ठेवीचे काय करतो? वायू किती ऊर्जा आणतो, हा प्रश्न नंतरचा, आणि पुष्कळदा गैरलागूच. कारण दहा लाख भागांत पन्नास-शंभर भाग वायूला ऊर्जा ती किती असणार.

या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर नायट्रिक ऑक्साइड देते. हा वायू हायड्रोपेरॉक्सिलकडून एक ऑक्सिजन काढून घेतो आणि त्याला तिथल्या तिथे हायड्रॉक्सिल करून टाकतो, म्हणजे पैसा ठेवीत जाण्याआधीच रोख हाती येतो. या व्यवहारात नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड होते, पण ते तसेच राहत नाही. त्याला सुटा हायड्रोजन अणू भेटला तर ते त्याला ऑक्सिजन देऊन आणखी एक हायड्रॉक्सिल बनवते आणि स्वतः पुन्हा नायट्रिक ऑक्साइड होते. नाही तर ते इंधनातून किंवा फॉर्माल्डिहाइडमधून हायड्रोजन ओढून नायट्रस आम्ल होते, आणि ते आम्ल पुरेशा उष्णतेत फुटून नायट्रिक ऑक्साइड व हायड्रॉक्सिल परत देते. दलालाने स्वतःची एक पैही न गुंतवता दिवसभर तेच भांडवल फिरवावे, तसा हा प्रकार आहे, आणि म्हणूनच दशलक्षात काहीशे भाग एवढ्या अल्प प्रमाणातही त्याचा परिणाम ठळक दिसतो. अल्कोहोल इतर इंधनांपेक्षा जास्त हायड्रोपेरॉक्सिल तयार करते, त्यामुळे या दलालाला इथे गिऱ्हाइकांची वाण पडत नाही.

तरीही प्रमाण वाढवत गेल्यास लाभ त्याच पटीत वाढत नाही. कमी तापमानाला नायट्रिक ऑक्साइड खुद्द हायड्रॉक्सिललाच पकडून नायट्रस आम्ल करू शकते, आणि ते आम्ल फुटण्याइतकी उष्णता नसेल तर शृंखलेतला कामकरी मूलक अडकून पडतो. तेव्हा तोच वायू कधी वेग देतो आणि कधी लगाम घालतो. यात व्यवहाराचा भाग असा की नायट्रिक ऑक्साइड कोणी बाटलीतून आणून इंजिनात सोडत नाही. ते मागच्या फेरीच्या जळणात तयार होते आणि सिलिंडरमध्ये मागे राहिलेल्या धुराबरोबर पुढच्या फेरीत सामील होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असलेले जे इंधन आज महाराष्ट्रातल्या पंपांवर मिळते, त्यावर चालणाऱ्या इंजिनातही ठोके येतील की नाही हे ठरवताना या उरलेल्या धुराचा हिशेब धरावा लागतो.

ओझोनची रीत निराळी. त्याचे रेणू मुळातच अस्थिर असतात. दट्ट्या हवा दाबू लागला आणि तापमान दोन-तीनशे अंशांच्या पुढे सरकले की ते ऑक्सिजनचा रेणू आणि ऑक्सिजनचा एक सुटा अणू यांत फुटतात. हा सुटा अणू अल्कोहोलमधून हायड्रोजन ओढतो आणि स्वतः हायड्रॉक्सिल होतो. म्हणजे जी शृंखला एरवी फार उशिरा सुरू झाली असती, तिला पहिले मूलक आयतेच मिळतात. फ्रान्समधील ऑर्लेआँ विद्यापीठातील संशोधकांनी मिथेनॉल, इथेनॉल आणि ब्यूटेनॉल या तिन्ही अल्कोहोलांवर असे प्रयोग केले आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. ठिणगीवाचून चालणाऱ्या त्यांच्या इंजिनात अगदी थोड्या ओझोनने पेट घेण्याची वेळ अलीकडे ओढता आली. ओझोनचे दोन गुण मला मोलाचे वाटतात. तो विजेच्या साहाय्याने हवेतूनच तयार करता येतो, त्यामुळे वेगळी टाकी लागत नाही. आणि विजेचा पुरवठा कमी-जास्त करून त्याचे प्रमाण फेरीगणिक नसले तरी बऱ्यापैकी चटकन बदलता येते. उणे बाजूला असे की तो एकदाच कामी येतो, नायट्रिक ऑक्साइडसारखा फिरून परत येत नाही.

या दोघांना एकत्र आणले तर दुप्पट लाभ व्हावा असे वाटेल, पण होते उलटेच. नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन समोरासमोर आले की साध्या तापमानालाही चटकन एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड व साधा ऑक्सिजन निघतो. ओझोनचा जो सुटा अणू इंधनावर तुटून पडायचा, तो वाटेतच खर्ची पडतो. म्हणून ज्या इंजिनात जुना धूर मुद्दाम परत फिरवला जातो, तिथे ओझोन कुठून आणि केव्हा सोडायचा याला फार महत्त्व येते.

हायड्रोजनबद्दल लोकांच्या अपेक्षा सर्वांत मोठ्या असतात, आणि गैरसमजही. त्याला पेटवायला लागणारी ठिणगी पेट्रोलच्या ठिणगीच्या दहाव्या हिश्श्याइतकी दुबळी असली तरी चालते आणि त्याची ज्योत अल्कोहोलच्या ज्योतीपेक्षा कितीतरी पट वेगाने पसरते. म्हणून प्लग असलेल्या इंजिनात, विशेषतः हवा जास्त आणि इंधन कमी अशा मिश्रणात, थोडा हायड्रोजन खरोखरच उपयोगी पडतो: ज्योतीतले तापमान एवढे असते की तिथे सुटे हायड्रोजन अणू शाखा फोडण्याच्याच कामाला लागतात. पण ठिणगीवाचून, कमी तापमानाला आपणहून पेटण्याचा प्रश्न असेल, तर चित्र पालटते. तिथे हायड्रोजनचा रेणू एका चलाख हायड्रॉक्सिलला गिळून त्याचे पाणी करतो आणि एक सुटा हायड्रोजन अणू सोडतो. तो अणू त्या तापमानाला ऑक्सिजनला फोडू शकत नाही, त्याला नुसता चिकटतो, आणि पुन्हा तोच सुस्त हायड्रोपेरॉक्सिल जन्माला येतो. रोख देऊन ठेव घेण्यासारखा हा सौदा आहे. अतिज्वलनशील म्हणून ज्याची ख्याती, तो वायू इथे मदत तर करत नाहीच, प्रसंगी विलंबही वाढवतो.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. गाडीच्या बॅटरीवर पाणी फोडून निघणारा वायू इंजिनात सोडल्यास इंधन वाचते, असे सांगून काही संच विकले जातात. पाणी फोडायला जी वीज लागते ती त्याच इंजिनाने आधी कमावलेली असते आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर तिचा काही भाग वाया जातो, हे विसरून ती जाहिरात वाचू नये. खरा फायदेशीर मार्ग दुसरा आहे: मिथेनॉलची वाफ धुराड्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, योग्य उत्प्रेरकावरून, दोनशे-तीनशे अंशांच्या सुमारास नेली तर ती हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये फुटते, आणि इंधनातूनच त्याचा मदतनीस तयार होतो.

मिथेनॉलपासूनच असा दुसराही मदतनीस बनतो. त्याच्या दोन रेणूंतून पाण्याचा एक रेणू काढून घेतला की डायमिथाइल इथर मिळते. साध्या तापमानाला ते वायुरूप असते आणि त्याचा सीटेन अंक डिझेलपेक्षाही सरस भरतो, कारण डिझेलची ती लवकरची, शाखा फोडणारी वाट याला मोकळी आहे. ते हवेबरोबर आत आले की तीनशे अंशांच्या आसपासच हायड्रॉक्सिल सोडू लागते आणि थोडी उष्णताही देते. मात्र इथे अल्कोहोलचा आडमुठेपणा पुन्हा आड येतो. इथरने तयार केलेले हायड्रॉक्सिल अल्कोहोल घाईघाईने गिळते आणि त्याच्या बदल्यात हायड्रोपेरॉक्सिल परत करते, त्यामुळे इथरची स्वतःचीच शृंखला मंदावते. ओझोनसारखे चिमटीभर घालून इथे भागत नाही; इथर चांगले हात सैल सोडून घालावे लागते.

आता ज्यांना आपण निष्क्रिय म्हणतो त्या वायूंकडे वळू. आर्गॉन कोणाशीही अभिक्रिया करत नाही, तरी त्याचा परिणाम प्रचंड असतो. २७ अंशांची हवा, उष्णता बाहेर जाऊ न देता, दहाव्या हिश्श्यापर्यंत दाबली तर ती सुमारे ४८० अंशांपर्यंत तापते. तिच्या जागी निव्वळ आर्गॉन असता तर तापमान ११०० अंशांपुढे गेले असते, आणि कार्बन डायऑक्साइड असता तर ते तीनशेच्या आसपासच राहिले असते. आर्गॉनचा एकेरी अणू उष्णता नुसत्या धावण्यात साठवतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ती गिरक्या घेण्यात आणि थरथरण्यातही खर्च करतो. प्रयोगशाळेत मिश्रण झटक्यात दाबून पेटवून पाहणारी यंत्रे असतात. त्यांत आर्गॉन, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण बदलूनच हवे ते तापमान साधले जाते.

पाण्याची वाफ या सगळ्यांत मला सर्वांत मनोरंजक वाटते. ब्राझीलमध्ये पंपावर जे निव्वळ इथेनॉल मिळते त्यात काही टक्के पाणी असतेच, म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. काही अभिक्रियांना एक तिसरा भिडू लागतो, जो स्वतः बदलत नाही पण टक्कर देऊन जादा ऊर्जा काढून घेतो किंवा कमी पडणारी पुरवतो. या कामात पाण्याचा रेणू नायट्रोजनच्या कितीतरी पट तरबेज आहे. फार वरच्या तापमानाला तो सुट्या हायड्रोजन अणूला ऑक्सिजनशी चिकटवायला मदत करतो आणि शाखा फुटण्याच्या मार्गावरचा मूलक सुस्त करून टाकतो. मधल्या तापमानाला तोच रेणू हायड्रोजन पेरॉक्साइडला टक्कर देऊन त्याची मुदत ठेव लवकर मोडायला लावतो. एकाच कौशल्याने तो एके ठिकाणी आग रोखतो आणि दुसरीकडे तिला वाट करून देतो.

प्रत्यक्ष इंजिनात यांतला एकही वायू एकटा येत नाही. मागच्या फेरीचा धूर आत राहिला की तो सोबत स्वतःची उष्णता आणतो, ताज्या हवेतला ऑक्सिजन विरळ करतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांच्यामुळे दाबताना होणारी तापमानवाढ कमी करतो, आणि वर थोडे नायट्रिक ऑक्साइडही घेऊन येतो. यांपैकी कोणाचा वाटा किती, हे प्रयोगाने वेगळे करणे फार कठीण, म्हणून संगणकावर एक युक्ती केली जाते. आधी खऱ्या कार्बन डायऑक्साइडसह विलंब काढतात. मग त्याच्या जागी एक काल्पनिक वायू ठेवतात, ज्याचे उष्णता साठवण्याचे गुण हुबेहूब कार्बन डायऑक्साइडचे पण ज्याला रासायनिक हात-पायच नाहीत. दोन उत्तरांतला फरक तो रसायनाचा, आणि उरलेला बदल उष्णतेचा व विरळपणाचा. कार्बन डायऑक्साइडसाठी हा हिशेब मांडला की रसायनाच्या पदरात फार थोडे पडते. वाफेसाठी मांडला की तिसऱ्या भिडूची ती कामगिरी आकड्यांत स्पष्ट दिसू लागते.